बारामतीचा किरण

घाई केली की माप चुकते, ही सुतार-लोहारांची शिकवण तिगावात आपण सारेच ऐकत आलो. लेसरने तिला एक अपवाद जोडला. त्याच्या इतिहासाचा एक धागा बारामतीत सापडतो. तेथे १९३८ साली जन्मलेल्या आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. मैमन यांच्या १९६० च्या माणिक-लेसरमधून प्रकाश क्षणिक स्पंदांनी येई, पटेलांचा किरण (तो डोळ्यांना दिसत नाही, बरे का!) अखंड वाहू लागला. १९६७ मध्ये इंग्लंडात त्याच जातीच्या किरणाला प्राणवायूच्या झोताची जोड देऊन एक मिलिमीटर जाडीचे पोलाद कापण्यात आले.

येथे वेग हाच नेमकेपणाचा आधार ठरतो. किरण रेंगाळला, तर उष्णता शेजारच्या धातूत पसरते, कड वितळते, पत्रा वाकतो. तो झपाट्याने सरकला, तर चीर अरुंद राहते. अर्थात वेग अतोनात वाढवला, तर पत्रा आरपार कापलाच जात नाही. आज धातूचे पत्रे कापण्याच्या कामात काचतंतूच्या लेसरने पटेलांच्या किरणाला बरेच मागे सारले आहे. आणि अतिसूक्ष्म छिद्रांसाठी सेकंदाच्या लक्ष-कोटीव्या अंशाएवढी स्पंदे वापरतात, ज्यांत उष्णतेला पसरण्यास अवधीच मिळत नाही.