पागोळीचं पाणी

घर बांधायचं तर गवंड्याच्या आधी पाण्याचा उतार बघायचा, ही आमची जुनी रीत. खडवलीला पाऊस धो-धो, वर्षाला अडीच मीटरच्या आसपास. म्हणून जोतं उंच, छप्पर उतरतं. भिंती कुडाच्या, कारवीवर शेणमातीचं लिंपण. त्या भिजू नयेत म्हणून वळचण हातभर पुढं काढलेली. पागोळ्यांखाली आजी हंडे-घंगाळी मांडायची. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी मात्र घ्यायची नाही, कौलांवरची धूळ उतरते म्हणून. आज इंजिनिअर लोक हेच नकाशात दाखवतात! न्हाणीचं पाणी परसात अळवाला नि केळीला. भांडी राखेनं घासलेली, त्या पाण्यानं केळ कधी जळली नाही.

ही काही हौस नव्हती. भातसा नदी गावाला लागून, पण वैशाखात तिची धार बारीक व्हायची. बायका वाळूत झिरा खणून वाटी-वाटीनं हंडा भरायच्या. पुढं ऐंशीच्या दशकात भातसा धरणाचं पाणी मुंबईला जाऊ लागलं. ते नदीतूनच सोडतात, आमच्या दारावरून जातं आणि खाली पिसे इथं उचलतात. त्यामुळं नदी उन्हाळ्यातही वाहते, आणि सहलीला येणाऱ्यांना वाटतं, यांना पाण्याची काय कमी! तिकडं धरणाच्या शहापूर तालुक्यात पाड्यांवर टँकर फिरतात.

मग स्लॅबची घरं आली, इमारती उठल्या. छपराचं पाणी पाइपानं थेट गटारात. मुंबईत 2002 साली हजार चौरस मीटरवरच्या नव्या बांधकामांना पावसाचं पाणी साठवणं-जिरवणं सक्तीचं झालं, 2007 ला ती मर्यादा तीनशेवर आली. कायदा चांगला. पण आमच्या भागातल्या एका इमारतीचा शोषखड्डा मी वाकून बघितला, तर आत विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या गोण्या. मार्चात तिथंच टँकर उभा.

हिशेब सोपा आहे. हजार चौरस फुटांच्या छपरावर आमच्याकडं वर्षाला सव्वादोन लाख लिटरच्या वर पाणी पडतं. एवढी टाकी कुणाला परवडणार? आणि मुरुमाखाली काळा पाषाण, भेग असेल तरच पाणी आत जाणार. म्हणून नवं घर बांधताना दहा हजार लिटरची टाकी केली, उरलेलं पाणी वाळू-खडीच्या हौदातून विहिरीत सोडलं. न्हाणीला वेगळा पाइप. गवंडी म्हणाला, "काका, खर्च वाढतोय." म्हटलं, वाढू दे. पूर्वी एप्रिलात विहिरीचा तळ दिसायचा. आता मे निम्मा सरेपर्यंत उपसा होतो. मशीनच्या साबणाचं पाणी तेवढं केळीला चालत नाही, पानं पिवळी पडतात. ते अजून बाहेर सोडावं लागतंय.