गाभण शेळी आणि अशोकाचा हुकूम

दिल्लीला फिरोजशहा कोटल्यावर एक दगडी खांब उभा आहे. तो मूळचा तिथला नव्हे. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने तो हरयाणातल्या टोपरा गावाहून आणवला. त्यावर काय लिहिले आहे हे तेव्हा कोणालाच वाचता येईना. पुढे १८३७ साली कलकत्त्याच्या टांकसाळीतले अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांनी ती अक्षरे लावली, आणि सम्राट अशोक बोलू लागला.

या खांबावरचा पाचवा लेख शेतकऱ्याने मुद्दाम ऐकावा असा आहे. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाली तेव्हाचा, म्हणजे इ. स. पूर्व २४३ च्या सुमाराचा. आरंभी मारू नयेत अशा प्राण्यांची यादी आहे : पोपट, मैना, हंस, वटवाघूळ, गेंडासुद्धा! मग अशोक एकदम आपल्या गोठ्यात येतो. शेळी, मेंढी किंवा डुकरीण गाभण असेल, पिलाला पाजत असेल, तर तिला मारायचे नाही. पिलू सहा महिन्यांच्या आतले असेल तर तेही नाही.

आता पाहा, मांस खाऊच नका असे तो इथे म्हणत नाही. ही तीन जनावरे लोक खात होते, पुढेही खाणार, हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने वेळ धरून मनाई केली. शेळी पाच महिन्यांनी विते. आणखी काही महिने करडू तिच्या अंगावर पिते. तेवढे दिवस सुरी थांबवा, एवढेच त्याचे म्हणणे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वासरू, वळू आणि दुभती गाय मारणाऱ्याला पन्नास पण दंड सांगितला आहे. अशोकाच्या या लेखात दंडाचा आकडाच नाही.

पण शेळी गाभण आहे हे ओळखायचे कसे, आणि कोणी? लेख त्याबद्दल काही बोलत नाही. कास भरली, पोट सुटले की पोरालाही कळते हो. पहिल्या दोन महिन्यांत मात्र जाणता धनगरही फसतो. कळपात बोकड मोकळा हिंडतो, दिवस कोण मोजणार? त्यातून दुष्काळ पडला, चारा संपला, की माणूस मिळेल त्या भावाला जनावर बाजारात उभे करतो. घेणाऱ्याला तर ते वजनाला भरलेलेच दिसते.

ही अडचण परदेशातही सुटलेली नाही. गाभणपणाच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात जनावर कापू नये असा कायदा जर्मनीने २०१७ साली केला, पण शेळ्या-मेंढ्या त्यातून वगळल्या. अशोकाने ज्यांची नावे आधी घेतली, नेमक्या त्याच!

आपल्याकडे २००१ सालचे केंद्र सरकारचे कत्तलखान्यांचे नियम आहेत. गाभण जनावर कापू नये, तीन महिन्यांच्या आतले पिलू असलेली मादी कापू नये, आणि खुद्द तीन महिन्यांच्या आतले जनावरही कापू नये, असे ते सांगतात. अशोकाचे सहा महिने इथे तीनावर आले, तरी सांगण्याची रीत तीच. नवे आहे ते तपासणीचे. आधी पशुवैद्याचा दाखला हवा, आणि त्याने तासाला बारा, दिवसाला शहाण्णव यांपेक्षा जास्त जनावरे तपासायची नाहीत. म्हणजे एका जनावराला पाच मिनिटे. नीट हात लावून पाहिले तर पाच मिनिटे थोडी नव्हेत. नुसते दारातून हाकलत नेले, तर मात्र दाखला हा कागदच.

आणखी एक. दिवसाला दहा किंवा अधिक जनावरे जिथे कापली जातात, त्याच जागेला हे नियम कत्तलखाना म्हणतात. आठवडी बाजाराच्या दिवशी दोन शेळ्या कापणारे दुकान त्यात बसत नाही. तिथे शेळी गाभण आहे की नाही हे सांगू शकेल असा माणूस एकच : जो तिला दोरीला धरून घेऊन आला तो.