शोएबउल्ला खान : कचेरीतून घरी न पोचलेला संपादक

१७ सप्टेंबर आला की मराठवाड्यातल्या शाळाशाळांतून झेंडावंदन होते. मुक्तिसंग्रामावर भाषणे होतात, त्यात स्वामी रामानंद तीर्थ येतात, निजाम येतो, कासिम रझवी आणि त्याचे रझाकार येतात. हे सर्व खरेच आहे. पण त्या भाषणांत मुसलमान म्हणून जो कोणी येतो, तो बहुधा तलवार घेऊनच येतो. समोर बसलेली उर्दू शाळेतली मुले ते ऐकतात आणि गप्प राहतात. म्हणूनच, रझाकारांनी ज्याला मारले त्या एका मुसलमानाची आठवण येथे करावीशी वाटते.

त्याचे नाव शोएबउल्ला खान. जन्म १९२० चा. वडील पोलीस खात्यात. मुलगा उस्मानिया विद्यापीठात शिकला. तेथे पदवीपर्यंतचे सारे शिक्षण उर्दूतून होत असे आणि त्या काळी उस्मानियाच्या पदवीधराला निजामाच्या दरबारी नोकरीची वाट मोकळी होती. शोएबने ती वाट धरली नाही. तो वर्तमानपत्रात शिरला. मंदुमुला नरसिंगराव यांच्या ‘रय्यत’ या उर्दू पत्रात त्याने काम केले. रय्यत म्हणजे प्रजा. प्रजेची बाजू मांडणारे ते पत्र निजाम सरकारने बंद पाडले. तेव्हा नोव्हेंबर १९४७ मध्ये शोएबने स्वतःचे दैनिक काढले, ‘इमरोज’. इमरोज म्हणजे आजचा दिवस.

तो काळ कसा होता हे ध्यानात घेतले पाहिजे. हिंदुस्थान स्वतंत्र झाला होता, हैदराबाद संस्थान मात्र वेगळे राहू पाहत होते. मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनची सूत्रे कासिम रझवीच्या हाती आली होती. हा रझवी लातूरला वकिली करणारा. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात होते. वेगळा लातूर जिल्हा झाला तो १९८२ साली. म्हणजे रझाकारांचा सेनापती आमच्याच जिल्ह्यातून हैदराबादेस गेलेला. गावोगाव रझाकारांची दहशत होती. लूट, जाळपोळ, खून यांनी हिंदू रयत हैराण झाली होती, हजारो कुटुंबे सरहद्द ओलांडून सोलापूरकडे गेली होती.

अशा वेळी खुद्द हैदराबाद शहरात बसून, उर्दूत, एक मुसलमान संपादक रोज लिहीत होता की संस्थानाने हिंदी संघराज्यात सामील व्हावे, जबाबदार राज्यपद्धती यावी, रझाकारांना आवरावे. हेच तेलुगूत किंवा मराठीत लिहिले असते तर रझवीला त्याची एवढी पर्वा नव्हती. ‘इमरोज’ उर्दूत निघत होता, मुसलमानांच्या घराघरात वाचला जाऊ शकत होता. आपण साऱ्या मुसलमानांच्या वतीने बोलतो, हा रझवीचा दावा त्यामुळे खोटा पडत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये सात मुसलमान गृहस्थांनी सामिलीकरणाच्या बाजूने निजामाला उद्देशून पत्रक काढले, तेही ‘इमरोज’ने छापले. त्यानंतर थोड्याच दिवसांत जमरूद महलमधल्या सभेत रझवीने विरोधात उठणारे हात छाटून टाकण्याची भाषा केली.

२१ ऑगस्टच्या रात्री काम आटोपून शोएब कचेरीतून निघाला. सोबत मेहुणा इस्माईल होता. काचीगुड्याजवळ लिंगमपल्लीच्या चौकात मारेकऱ्यांनी दोघांना गाठले. शोएबवर गोळ्या झाडल्या, हात तोडला. मेहुण्याचाही हात तुटला, पण तो वाचला. शोएब २२ ऑगस्टच्या पहाटे गेला. वयाची अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

अवघ्या तीन आठवड्यांनी, १३ सप्टेंबरला, हिंदी फौजा सोलापूरकडून नळदुर्गात शिरल्या. १७ तारखेला संस्थान शरण आले. शोएब रोज जे मागत होता ते झाले. रझवी पकडला गेला. त्याने शिक्षा भोगली ती बिबीनगरच्या दरोड्याची. शोएबच्या खुनाची नव्हे. १९५७ साली सुटून तो पाकिस्तानात गेला आणि कराचीत मेला.

इतिहास मात्र १७ तारखेला थांबला नाही. त्यानंतरच्या दिवसांत जे घडले ते पाहण्यासाठी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती आली. तिने संस्थानभर २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता. बाकीचे तीन गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. रझवीच्या लातुरात वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालली आणि सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार समितीला तेथे दिसले. हा अहवाल कित्येक दशके दडपून ठेवला गेला. जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदूही होते, हेही त्याच अहवालात नोंदले आहे.

मेलेल्यांत रझाकार किती आणि विणकर, दुकानदार, शेतमजूर किती, हे मारणाऱ्यांनी विचारले नाही. रझवी म्हणत होता, सारे मुसलमान माझे. सूड घेणाऱ्यांनीही तेच मानले. या दोघांना खोटे ठरवणारा पुरावा म्हणजे शोएबउल्ला खान, आणि तो दोघांनाही सोयीचा नव्हता. म्हणूनच कदाचित त्याची आठवण कोणीच नीट ठेवली नाही. मुक्तिसंग्रामाच्या भाषणात त्याला जागा कमी, आणि आपल्या मोहल्ल्यातही ‘ॲक्शन’चे दुःख सांगितले जाते तेव्हा त्याचे नाव निघत नाही.

उर्दू ही रझाकारांची भाषा, असे आजही कोणी सहज बोलून जातो. त्या रझाकारांविरुद्ध लिहिण्यापायी ज्याचा हात तोडला गेला, तो हातही उर्दूच लिहीत होता. हे मी वर्गात सांगतो तेव्हा मुले प्रश्न विचारतात: मारेकऱ्यांना शिक्षा झाली का? त्याचा फोटो आहे का? आपल्या पुस्तकात तो का नाही? प्रश्न रास्त आहेत. येत्या १७ सप्टेंबरला ते उर्दू शाळेच्या चार भिंतींबाहेर, मराठी शाळांतही विचारले गेले पाहिजेत. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवलेल्या स्वामीजींचा धडा आमची मुले वाचतात. त्याच्या शेजारी शोएबचे एक पान असावे, आणि लातूर-उस्मानाबादच्या त्या वीस दिवसांचेही.