कॉम्प्युटर घेताय? साधा प्रोसेसर पुरेल की वर्कस्टेशनचा लागेल, दुकानात जाण्याआधी हे वाचा

कांद्याचे पैसे हातात आले, पोराची बारावी झाली, की गावात एक विषय हमखास निघतो. "एखादा कॉम्प्युटर घेऊन टाकू, सेवा केंद्र टाकू, नाहीतर फ्लेक्स आणि लग्नाच्या व्हिडिओचं काम करू." विचार चांगलाच आहे. पण दुकानात गेल्यावर आय-३, आय-५, रायझन, झिऑन अशी नावं कानावर पडतात आणि माणूस गोंधळतो. मग दुकानदार बोट दाखवील ते आपण उचलतो.

आमच्या घरात हेच झालं. पुतण्याने गेल्या वर्षी तालुक्याच्या एका दुकानातून झिऑन प्रोसेसरचा जुना कॉम्प्युटर आणला. दुकानदार म्हणाला, "हा वर्कस्टेशनचा प्रोसेसर आहे, १४ कोअर, २८ थ्रेड. आय-३ पेक्षा सातपट माल किंमत तीच." दोन ट्रॉली कांद्याचे पैसे त्यात गेले. घरी आणल्यावर सातबाऱ्याचं पान साध्या मशीनपेक्षा जरासुद्धा लवकर उघडेना आणि मोबाईलवर काढलेला लग्नाचा व्हिडिओ एडिटिंगला अडकत चालायला लागला. त्यानंतर मी या विषयात डोकं घातलं. जे समजलं ते इथे साध्या भाषेत मांडतो.

कोअर म्हणजे मजूर

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू असं आपण शाळेत शिकलो. पण विकत घेताना मेंदूपेक्षा मजुरांची टोळी डोळ्यासमोर आणा. कोअर म्हणजे एक मजूर. गिगाहर्ट्झ म्हणजे त्याचा हात किती वेगाने चालतो. थ्रेड म्हणजे एकाच मजुराला दोन कामं आलटून पालटून हाताळायला दिली, ते. चार कोअर, आठ थ्रेड म्हणजे माणसं चारच, हे लक्षात ठेवा.

नुसत्या गिगाहर्ट्झवरही जाऊ नका. नवीन पिढीचा कोअर प्रत्येक ठोक्याला जुन्यापेक्षा जास्त काम उरकतो. म्हणून २०१६ चा ३ गिगाहर्ट्झ आणि २०२२ चा ३ गिगाहर्ट्झ सारखे नसतात.

आता कांदा लागवड घ्या. पाच बाया लावल्या तर दोन दिवस, दहा लावल्या तर एक दिवस. काम वाटून घेता येतं. पण ट्रॅक्टर चालवायला दहा जण बसवले म्हणून नांगरट लवकर होत नाही. स्टेअरिंग एकाच्याच हातात असतं. कॉम्प्युटरची कामं अशीच दोन प्रकारची असतात. कोणता प्रोसेसर घ्यायचा हा सगळा प्रश्न इथेच सुटतो. आपलं काम लागवडीसारखं आहे की नांगरटीसारखं, एवढं ठरवायचं.

स्वस्त आणि महाग यात फरक काय?

स्वस्तातल्या डेस्कटॉप प्रोसेसरचं उदाहरण म्हणजे इंटेलचा कोअर आय-३ १२१००. जानेवारी २०२२ मध्ये आला. ४ कोअर, ८ थ्रेड, वेग ३.३ पासून ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत, कंपनीने लिहिलेली वीज ६० वॅट, जोर लागला की ८९ वॅटपर्यंत. दुसरा एएमडीचा रायझन ५ ५६००जी. तो २०२१ चा, ६ कोअर, १२ थ्रेड, ६५ वॅट. दोन्हींत चित्र दाखवणारा भाग, म्हणजे ग्राफिक्स, आतच असतो. वेगळं कार्ड घ्यावं लागत नाही.

दुसऱ्या टोकाला एएमडीचा थ्रेडरिपर प्रो ७९९५डब्ल्यूएक्स. २०२३ मध्ये आला. ९६ कोअर, १९२ थ्रेड, ३५० वॅट. बाजारात आला तेव्हा नुसत्या प्रोसेसरची किंमत ९,९९९ डॉलर होती, म्हणजे आपले आठ लाखांच्या वर. तेवढ्यात नवा ट्रॅक्टर दारात उभा राहतो. इंटेलचा त्याच वर्षीचा झिऑन डब्ल्यू९-३४९५एक्स ५६ कोअरचा आहे, तोही ३५० वॅटचा.

एवढे पैसे कशाचे? कोअर तर जास्त असतातच. शिवाय मेमरीकडे जाणारे रस्ते जास्त असतात. आय-३ ला दोन, तर या दोघांना आठ. रॅमही आय-३ ला जास्तीत जास्त १२८ जीबी लागते, यांना हजार जीबीच्या पुढे लावता येते. एकाच मशीनमध्ये तीन-चार मोठी ग्राफिक्स कार्डं बसवता येतात. आणि रॅममध्ये झालेली बारीक चूक स्वतः दुरुस्त करणारी खास मेमरी चालते. दोन-तीन दिवस सलग चालणारी आकडेमोड मध्येच चुकू नये म्हणून हे लागतं.

मग हे कोणाला लागतं?

सिनेमातले खोटे डोंगर आणि स्फोट तयार करणाऱ्यांना, इमारतींचे थ्रीडी देखावे रेंडर करणाऱ्यांना, गाडीच्या भागांवर किती ताण येईल ते तपासणाऱ्या इंजिनिअरला. आपल्या जवळचं उदाहरण द्यायचं तर स्वामित्व योजनेचं. २०२० पासून या योजनेत गावठाणांवर ड्रोन उडवून मोजणी झाली. ड्रोनने काढलेले ढीगभर फोटो एकमेकांना जुळवून एकसंध नकाशा करायचा, हे काम मजुरांत वाटता येतं. अशा ठिकाणी जास्त कोअर आणि भरपूर रॅम दोन्ही कामी येतात.

पण तिथेही एक मर्यादा आहे. जीन अॅमडाल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६७ मध्येच ती सांगून ठेवली. समजा एक काम एका कोअरवर १०० मिनिटांचं आहे. त्यातली ८० मिनिटं वाटता येतात, २० मिनिटं वाटता येत नाहीत. हिशेब असा होतो:

- ४ कोअर: २० + २० = ४० मिनिटं
- १६ कोअर: २० + ५ = २५ मिनिटं
- ६४ कोअर: २० + सव्वा = सव्वाएकवीस मिनिटं

१६ वरून ६४ वर गेलो, चौपट मजूर लावले, वाचली पावणेचार मिनिटं. लागवड उरकली तरी पाणी त्याच एका पाइपने द्यायचं असतं, तसंच हे.

गावातली कामं कोणत्या प्रकारची?

सेवा केंद्र: सातबारा, दाखले, महाडीबीटीचे अर्ज, पीक विमा, पीएम किसान. हे सगळं ब्राउझरमध्ये चालतं. इथे प्रोसेसरचं काम थोडं. नेट, एसएसडी आणि ८ ते १६ जीबी रॅम महत्त्वाची. सरकारी सर्व्हर डाऊन असेल तर ९६ कोअरही हात बांधून बसतात. आय-३ पुरतो.

हिशेब, टॅली, एक्सेल, शाळेचा अभ्यास: आय-३ पुरून उरतो.

फ्लेक्स, लग्नपत्रिका, डीटीपी: कोरलड्रॉ आणि फोटोशॉपची बरीच कामं एक-दोन कोअरवरच चालतात. हात चपळ असलेला मजूर हवा, गर्दी नको. मोठ्या फ्लेक्सच्या फाइली असतील तर रॅम १६ जीबी घ्या.

लग्नाचे व्हिडिओ, यूट्यूब, बातम्या: इथे आमचा पुतण्या फसला. आजचे मोबाईल आणि कॅमेरे व्हिडिओ एच.२६४ किंवा एच.२६५ प्रकारात दाबून ठेवतात. एडिटिंग करताना ते सतत उलगडावं लागतं. आय-३ १२१०० च्या ग्राफिक्समध्ये या कामासाठी वेगळं यंत्र आतच आहे, त्याला इंटेल क्विक सिंक म्हणतं. जुन्या झिऑनमध्ये ते नाही. तिथे मजुरांना ते हाताने करावं लागतं. रोजचं व्हिडिओचं काम असेल तर ६ कोअर, १२ थ्रेडचा आय-५ १२४०० घ्या, जमलं तर वर एक बरं ग्राफिक्स कार्ड.

घरांचे थ्रीडी देखावे, ड्रोनचे नकाशे: इथे जास्त कोअर उपयोगी आहेत. पण इथेही सुरुवात आठ-बारा कोअरच्या डेस्कटॉप प्रोसेसरने करता येते. काम वाढलं, पैसे यायला लागले, की मग वर्कस्टेशनचा विचार करा.

जुन्या झिऑनचा फसवा हिशेब

नवा थ्रेडरिपर गावात कोणी विकत नाही. गावात येतो तो जुना झिऑन. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमधून उतरलेला माल. पुतण्याच्या मशीनमध्ये ई५-२६८० व्ही४ होता. २०१६ चा प्रोसेसर, १४ कोअर, २८ थ्रेड, वेग २.४ ते ३.३ गिगाहर्ट्झ, १२० वॅट. आकडे खोटे नव्हते. सगळे कोअर एकदम जुंपणारं काम असेल तर हा आजही आय-३ ला मागे टाकतो. पण एकेका मजुराचा हात बघितला तर आय-३ कितीतरी पुढे आहे, आणि आमचं काम एकट्या मजुराचं होतं.

दुकानात आम्हाला टास्क मॅनेजर उघडून दाखवला होता. "बघा, एवढं चालू आहे तरी प्रोसेसर फक्त चार टक्के वापरात. केवढी ताकद शिल्लक आहे!" आम्ही खूश झालो. नंतर कळलं, २८ थ्रेडपैकी एक पूर्ण राबत असला तर आकडा साडेतीन-चार टक्केच दिसतो. म्हणजे एकजण घामाघूम आणि बाकीचे सत्तावीस बांधावर बसलेले. ती शिल्लक ताकद नव्हती, बसून राहिलेला रोज होता.

आणखी चार गोष्टी आम्हाला उशिरा समजल्या.

१. या झिऑनमध्ये ग्राफिक्स नाही. स्क्रीनवर नुसतं चित्र दिसायलाही वेगळं कार्ड लागतं.

२. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी मान्य असलेल्या प्रोसेसरच्या यादीत हा झिऑन नाही, आय-३ १२१०० आहे. ज्या मशीनवर लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेची कामं होतात, ते जुन्या विंडोजवर ठेवणं म्हणजे कोठाराला कुलूप न लावणं.

३. बोर्ड गेला तर तसाच बोर्ड तालुक्यात मिळत नाही. आय-३ चा मिळतो. त्याच बोर्डवर बहुतेक वेळा बायोस अपडेट करून तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसरही बसवता येतो.

४. वीज. १०० वॅट दहा तास चालले की एक युनिट. ३५० वॅटचा प्रोसेसर पूर्ण जोरात दहा तास चालला तर नुसत्या त्याचेच साडेतीन युनिट. साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंत भार पेलतो. आय-३ चं साधं मशीन आणि स्क्रीन त्यावर चालतं. वर्कस्टेशन जोरात असताना लाइट गेली की यूपीएस त्याच क्षणी मान टाकतो.

आधी घरचं मशीन तपासा

जुना कॉम्प्युटर स्लो झाला म्हणून नवीन प्रोसेसर घेऊ नका. नेहमीचं काम चालू ठेवा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये जा.

- डिस्क १०० टक्क्यांवर टेकली असेल तर हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका.
- मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम वाढवा.
- सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर निवडा. सगळ्या चौकटी भरलेल्या दिसल्या तर जास्त कोअर हवेत. एकच चौकट भरलेली आणि बाकी रिकाम्या असतील तर कोअर वाढवून फायदा नाही, नवीन पिढीचा चपळ कोअर हवा.

दुकानात विचारायचे प्रश्न

प्रोसेसरचं पूर्ण नाव काय? "आय-५ आहे" एवढ्यावर थांबू नका. आय-५ दहा वर्षांपूर्वीचाही असतो. नंबर लिहून घ्या आणि तिथेच मोबाईलवर शोधा. नंबरच्या शेवटी इंग्रजी एफ आहे का? असेल तर आत ग्राफिक्स नाही. विंडोज ११ अधिकृतपणे चालतं का? बोर्डाची वॉरंटी किती आणि ती बिलावर लिहून देणार का? आणि शेवटचं, आपलं रोजचं काम पेनड्राइव्हवर घेऊन जा. तोच व्हिडिओ, तीच फ्लेक्सची फाइल समोर चालवून बघा. बैल घेताना दात बघतो, चालवून बघतो. इथे का नाही?

आमचा झिऑन शेवटी घाट्यात विकला. घेतला तालुक्याच्याच एका मुलाने, तो घरांचे थ्रीडी देखावे तयार करतो. त्याचं काम त्यावर झकास चालतं. पुतण्याकडे आता आय-३ आहे, १६ जीबी रॅम, एसएसडी. सेवा केंद्र चालू आहे, लग्नसराईत व्हिडिओही करतो. मशीन दोन्ही चांगलीच होती, पण आम्ही आमचं काम काय आहे ते बघण्याआधी कोअर मोजत बसलो. त्याची किंमत मोजली.

तुमच्या घरात किंवा शेजारी कोणी कॉम्प्युटर घेणार असेल तर पैसे देण्याआधी त्याला हे वाचायला द्या.