रिकाम्या बाकांची मोजदाद

आजोबा शाळेत गेले ते ओट्यापर्यंत. सातारा जिल्ह्यातलं गाव, १९३० च्या आसपासची गोष्ट. आत बसायला तरट होतं, पण महारवाड्यातल्या पोरांना त्या तरटावर जागा नव्हती. गुरुजी उंबऱ्याच्या आतूनच पाटी बघायचे आणि चुकलं तर तिथूनच सांगायचे. पाऊस आला की ओटा भिजायचा, पोरं घरी परतायची. मग गाव म्हणायचं, ‘यांची पोरं शाळेत टिकत नाहीत.’ हे सांगताना आजोबांचा आवाज चढायचा. पोरं पळाली हे सगळ्यांनी बघितलं, ओट्याला छप्पर नव्हतं हे कोणीच बघितलं नाही, म्हणायचे.

आजोबा गेल्यावर कितीतरी वर्षांनी मी शिकागोच्या दक्षिण भागात एका काळ्या बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागले. त्या तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. लहानपणी आईवडिलांबरोबर मिसिसिपीतून रेल्वेने आलेल्या. मी त्यांना आजीच म्हणायचे. रविवारी चर्चहून आल्या की मला खाली जेवायला बोलवायच्या, आणि बोलणं हटकून शाळेवर यायचं.

१९१० साली शिकागोत काळ्या लोकांची वस्ती ४४ हजारांच्या आसपास होती. १९६० पर्यंत ती ८ लाखांवर गेली. राहायची मुभा मात्र ठरावीक पट्ट्यातच. घरांचे दलाल, कर्ज देणाऱ्या बँका, गोरे शेजारी, सगळ्यांनी मिळून त्या पट्ट्याची वेस राखली. आतल्या शाळा खच्चून भरल्या आणि दोन पाळ्या सुरू झाल्या. निम्मी मुलं सकाळी आठ ते बारा, उरलेली बारा ते चार. आजींची थोरली मुलगी दुपारच्या पाळीत होती. डिसेंबरात तिथे चार वाजताच अंधारून येतं. कामावरून धावतपळत येऊन तिला आणायला जायच्या, हे त्या अजून कालच्यासारखं सांगत.

काही मैलांवर गोऱ्या वस्तीतल्या शाळांत वर्ग रिकामे होते. मुलांना तिकडे पाठवणं हा सरळ उपाय होता. शहराच्या शाळांचे प्रमुख बेंजामिन विलिस यांनी तो केला नाही. मुलं आपापल्या वस्तीतल्याच शाळेत जातील, असा त्यांचा हट्ट. त्याऐवजी त्यांनी काळ्या वस्तीतल्या शाळांच्या मैदानांवर ॲल्युमिनियमच्या खोल्या आणून उभ्या केल्या. लोक त्यांना ‘विलिस वॅगन’ म्हणू लागले. मुलांचं खेळणंही गेलं.

शहराच्या शिक्षण मंडळाला कोणाच्या शाळेत किती जागा आहे हे सांगायचं नव्हतं, म्हणून १९६२ साली वुडलॉन वस्तीतल्या आया स्वतः गोऱ्या शाळांत शिरल्या आणि रिकामे वर्ग मोजू लागल्या. त्यांना बेकायदा घुसल्याबद्दल अटक झाली. आजी त्यांत नव्हत्या, पण त्यांच्या चर्चमधल्या काही जणी होत्या. ‘आमच्या आया अडाणी, मुलांच्या अभ्यासाकडे त्यांचं लक्ष नसतं, असं पेपरात यायचं,’ आजी म्हणायच्या, ‘आणि त्याच आया बाकं मोजताना तुरुंगात गेल्या.’ त्या काळचे शिकलेसवरलेले लोक काळ्या मुलांना ‘संस्कारवंचित’ ठरवत होते. खोली, फळा, पूर्ण दिवसाची शाळा यांपासून ती वंचित आहेत, याचा हिशेब त्यात बसत नव्हता.

२२ ऑक्टोबर १९६३. त्या दिवशी या सगळ्याच्या निषेधार्थ २ लाखांहून जास्त मुलं शाळेत गेली नाहीत. आजींच्या दोन्ही मुली चर्चच्या तळघरात भरलेल्या ‘स्वातंत्र्यशाळे’त बसल्या आणि आजी मोर्चाबरोबर शिक्षण मंडळाच्या कचेरीपर्यंत चालत गेल्या. १९६५ साली केंद्राचे शिक्षण आयुक्त फ्रान्सिस केपेल यांनी नव्या नागरी हक्क कायद्याचा आधार घेऊन शिकागोच्या शाळांना द्यायचे ३ कोटी २० लाख डॉलर रोखले. महापौर डेली यांनी अध्यक्ष जॉन्सन यांच्याकडे तक्रार केली आणि काही दिवसांत पैसे सुटले. पुढच्या वर्षी विलिस गेले. वस्त्या आणि शाळा तशाच वेगळ्या राहिल्या.

अशा आठवणी टिम्युएल ब्लॅक यांनी वर्षानुवर्षे म्हाताऱ्या माणसांसमोर बसून टिपून घेतल्या. ‘ब्रिजेस ऑफ मेमरी’ या ग्रंथांत त्या आहेत. स्वतः शिक्षक, चळवळीतले. २०२१ साली १०२ व्या वर्षी गेले.

एकदा उपनगरातल्या एका मराठी घरी जेवायला गेले होते. यजमान चाळीस वर्षं तिथे राहिलेले, मायाळू गृहस्थ. मी कुठे राहते ते ऐकून म्हणाले, ‘त्या लोकांना शिक्षणाची ओढच नाही हो, आपल्यासारखी.’ माझा घास अडला. इलिनॉयमध्ये शाळेचा मोठा खर्च स्थानिक घरपट्टीतून निघतो. महागड्या घरांच्या गावात तरणतलावासकट शाळा उभी राहते. ज्या वस्तीत बँकांनी कर्जच दिलं नाही, तिथे घरांना किंमत नाही आणि शाळेला पैसा नाही. ओढीची तुलना कशाशी करायची? मी त्यांना आजोबांच्या ओट्याची गोष्ट सांगितली. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामगिरी संपवणाऱ्या लोकांना. आपलं काळ्या लोकांच्या लढ्याशी इतकं जुनं नातं आहे, हेही सांगितलं. ते गप्प ऐकत राहिले.

मे २०१३ मध्ये शिकागोच्या शिक्षण मंडळाने ५० शाळा बंद करायचं ठरवलं. सुमारे १२ हजार मुलं त्यात सापडली, दहातली जवळजवळ नऊ काळी. कारण दिलं होतं, वर्ग रिकामे आहेत. रॉबर्ट टेलर होम्ससारख्या सरकारी इमारतींच्या रांगाच्या रांगा पाडून हजारो कुटुंबं हलवल्यावर वर्ग रिकामे होणारच होते. आजी त्या दिवशी भयंकर संतापल्या होत्या. म्हणाल्या, गोऱ्यांच्या शाळेतली रिकामी बाकं ५० वर्षांपूर्वी पोलीस लावून राखली. आमच्या शाळेत बाकं रिकामी झाली तर शाळाच बंद. मला यावर उत्तर सुचलं नाही, आजही सुचत नाही.

शिकागोच्याच ब्रॉन्झव्हिल वस्तीतलं वॉल्टर डायट हायस्कूल टप्प्याटप्प्याने बंद करायचं मंडळाने त्याआधीच, २०१२ साली ठरवलं होतं. डायट हे नॅट किंग कोल यांच्यासारखे कलावंत घडवणारे संगीतशिक्षक. २०१५ साली पालक आणि कार्यकर्ते मिळून १२ जण उपोषणाला बसले, ३४ दिवस. पुढच्या वर्षी ती शाळा कलाशिक्षणाची म्हणून पुन्हा उघडली. शाळा मिळाली याचा आनंद मला आहे. पण मुलांच्या शाळेसाठी आईबापांना महिनाभर उपाशी राहावं लागतं, त्या कारभाराला मी न्याय म्हणणार नाही.