शिशाची मोहोर आणि बुलेटिन

रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या दारात हाती पडणारे छोटे पत्रक आपण घरी नेतो, मिस्सेच्या वेळा आणि मयतांची नावे वाचतो आणि पुढल्या रविवारपर्यंत ते कुठे गेले याची आठवणही ठेवीत नाही. त्या पत्रकाला आपण सर्रास ‘बुलेटिन’ म्हणतो. निवेदन, परिपत्रक, बातमीपत्र असे शब्द मराठीत असतानाही हा परका शब्द आपल्या तोंडी रुळला. आमची बरीच वर्षे अशी समजूत होती की, बंदुकीच्या ‘बुलेट’शी याचे सख्खे नाते असावे, गोळीसारखी सुटणारी वार्ता ती बुलेटिन! नाते आहे, पण ते चुलत. दोघांची पणजी मात्र एकच आणि तिचे माहेर लॅटिन भाषेत आहे.

लॅटिनमध्ये ‘बुल्ला’ म्हणजे पाण्यावरचा बुडबुडा. बुडबुड्यासारख्या गोल वस्तूंनाही हेच नाव पडले. प्राचीन रोममध्ये मुलांच्या गळ्यात बांधला जाणारा गोल ताईत ‘बुल्ला’ होता आणि पुढे दस्तऐवजाला लोंबणारी धातूची गोल मोहोरही ‘बुल्ला’च ठरली. मध्ययुगात पोपमहोदयांच्या पत्रांना शिशाची मोहोर असे. तिच्या एका बाजूला संत पीटर व संत पॉल यांची मुखे, दुसऱ्या बाजूला त्या त्या पोपचे नाव. पत्र कृपादानाचे असेल तर मोहोर रेशमी दोऱ्याने ओवीत आणि न्यायनिवाड्याचे असेल तर साध्या सुतळीने. वाचता न येणाऱ्यालाही पत्राचा रंग दोऱ्यावरून कळावा! कालांतराने मोहोरेचे नाव पत्रालाच मिळाले व ‘बुल’ हा शब्द रूढ झाला. 1534 साली तिसरे पॉल यांच्या बुलने गोव्याचा धर्मप्रांत अस्तित्वात आला; 1582 साली तेरावे ग्रेगरी यांच्या बुलने दिनदर्शिकेतले दहा दिवस वगळले गेले आणि 4 ऑक्टोबरनंतर एकदम 15 ऑक्टोबर उजाडला. 1878 मध्ये तेरावे लिओ यांनी शिशाची मोहोर अतिमहत्त्वाच्या पत्रांपुरती राखून इतरत्र लाल शाईचा शिक्का आणला.

इटालियन लोकांनी ‘बुल्ला’चे लघुरूप केले ‘बुलेत्ता’, म्हणजे शिक्क्याची चिठ्ठी. प्लेगच्या काळात एका शहरातून दुसऱ्या शहरात शिरताना प्रवाशाला आरोग्याची अशी चिठ्ठी दाखवावी लागे. आपण वीजमंडळाला ज्याबद्दल बोल लावतो ते ‘बिल’ही बहुधा याच कुळातले. लघुरूपाचे आणखी लघुरूप झाले ‘बुलेत्तिनो’. ते फ्रेंचांनी उचलले, त्यांच्याकडून इंग्रजांनी घेतले आणि इंग्रजांबरोबर ते आपल्या दारी आले.

या प्रवासात शब्द धाकटा होत गेला, तसा त्याच्या गळ्यातला शिक्काही गळून पडला. नेपोलियनने 1805 पासून आपल्या महासैन्याची बुलेटिने काढली. ती चौकाचौकांत लागत, चर्चच्या व्यासपीठावरूनही वाचली जात. त्यांत विजय फुगवलेले आणि मृतांचे आकडे आक्रसलेले असत. अखेर ‘बुलेटिनसारखा खोटे बोलणारा’ अशी म्हणच फ्रेंचांत पडली. डिसेंबर 1812 मध्ये एकोणतिसाव्या बुलेटिनने रशियातील सर्वनाशाची कबुली दिली. दोष थंडीला दिला आणि शेवटी सम्राटांची प्रकृती उत्तम असल्याचे कळवले. ज्यांची मुले त्या बर्फात राहिली त्या घरांत हे शेवटचे वाक्य कसे ऐकले गेले असेल?

परक्या सम्राटावर बोट ठेवणे सोपे आहे. आपल्या ख्रिस्तसभेनेही हा धडा मोल मोजून घेतला. पहिले जॉन पॉल अवघे 33 दिवस परमगुरुपदावर राहिले. 29 सप्टेंबर 1978 च्या पहाटे ते आपल्या खोलीत मृतावस्थेत आढळले. व्हॅटिकनच्या निवेदनात म्हटले होते की, त्यांच्या खासगी सचिवाने त्यांना प्रथम पाहिले. प्रत्यक्षात, नित्याची कॉफी घेऊन आलेल्या सिस्टर व्हिन्चेन्झांनी पाहिले होते. पोपच्या शयनगृहात स्त्रीने पाऊल ठेवल्याचे सांगणे कोणाला तरी प्रशस्त वाटले नाही. दडवलेली गोष्ट एवढीशी. पण ती उघडी पडताच उरलेल्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडाला. विषप्रयोगाच्या वावड्या उठल्या, 1984 साली त्यावर विक्रमी खपाचे पुस्तक निघाले. 4 सप्टेंबर 2022 रोजी त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले, तरी त्या वावड्या पुरत्या विरलेल्या नाहीत. ज्या धर्मभगिनीने मायेने दार ठोठावले तिचे नाव झाकण्यासाठी केवढी ही किंमत!

व्हॅटिकनचे वार्तापत्र आजही इटालियनमध्ये ‘बोलेत्तिनो’ या नावानेच निघते. रोमला दुपारचे बारा वाजले, की आपल्याकडे साडेतीन अथवा हिवाळ्यात साडेचार वाजता नव्या बिशपांचे नाव त्यातून जगाला कळते. परंतु त्या बिशपांना पोपचे मूळ नियुक्तिपत्र दाखविल्यावाचून धर्मप्रांताचा ताबा घेता येत नाही. वार्तेचे काम नात करते, अधिकार मात्र आजीकडेच राहिला आहे.

14 फेब्रुवारी 2025 रोजी पोप फ्रान्सिस रोमच्या जेमेल्ली रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा आम्ही याच बोलेत्तिनोची रोज वाट पाहत होतो. सकाळी रात्र कशी गेली त्याची ओळ, संध्याकाळी डॉक्टरांचे निवेदन. 22 फेब्रुवारीच्या निवेदनात श्वसनाचा तीव्र झटका, प्राणवायू, रक्त चढविणे, सारे स्पष्ट लिहिले होते. प्रकृती गंभीर आहे हेही लपविले नव्हते. सत्य सांगा, अशी स्वतः रुग्णाचीच इच्छा असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. घरोघरी रोझरी म्हणणाऱ्यांना आपण नेमके कशासाठी प्रार्थना करीत आहोत हे त्यामुळे ठाऊक होते. 21 एप्रिलला ते निवर्तले. त्याच संध्याकाळी प्रसिद्ध झालेल्या पत्रकात पक्षाघात, कोमा, हृदयक्रिया बंद पडणे आणि सकाळी 7.35 ही वेळ नोंदलेली होती, आणि खाली व्हॅटिकनच्या आरोग्यविभागाच्या संचालकांची नावानिशी सही होती.