लोखंडाचा ताप

१८९१ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम कोली नावाच्या तरुण सर्जननं कॅन्सरच्या रुग्णाला मुद्दाम जंतू टोचले. जुन्या नोंदींमध्ये त्याला एक केस सापडली होती: विसर्पाचा जोरदार ताप येऊन गेला आणि रुग्णाची गाठ विरघळली. आज त्याचं श्रेय मुख्यतः प्रतिकारशक्तीला देतात. पण उष्णतेनं गाठ मारता येईल का, हा प्रश्न मागे राहिलाच.

अडचण साधी होती. गाठ तापवायची, पण आजूबाजूचं शरीर भाजू द्यायचं नाही. १९५७मध्ये शिकागोच्या गिलख्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या लसिकाग्रंथींमध्ये आयर्न ऑक्साइडचे सूक्ष्म कण पोचवले आणि बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावून फक्त तेवढाच भाग तापवून दाखवला.

तुम्हाला घरची इंडक्शन शेगडी आठवली असेल. थोडा फरक आहे. तिथं भांड्याच्या बुडात वीज फिरते. इथं कण इतके बारीक की त्यांची चुंबकीय दिशा सेकंदाला लाखभर वेळा उलटसुलट करावी लागते. त्या ओढाताणीतून उष्णता निघते.

बर्लिनमध्ये आंद्रेआस जॉर्डान यांनी नव्वदच्या दशकात ही कल्पना पुढे नेली. रोग निवडला ग्लायोब्लास्टोमा: मेंदूचा असा कॅन्सर, जो ऑपरेशन, रेडिएशन, केमो सगळं करूनही परत येतो. पहिल्या चाचणीत १४ रुग्ण होते. २०१०मध्ये युरोपात मंजुरी मिळाली. २०११च्या अहवालात, गाठ परत आलेल्या ५९ जणांचं मध्यक आयुष्य, ती परतल्याचं कळल्यापासून, १३.४ महिने निघालं. जुन्या आकड्यांपेक्षा चांगलं.

पण मी रोज सॉफ्टवेअर लिहितो, आणि माझी नजर इथंच अडकते. या चाचणीत तुलनेचा गटच नव्हता. सोबत रेडिएशनही दिलं होतं. मग जास्तीचे महिने नक्की कुणामुळे मिळाले? साधं बटण बदललं तरी आम्ही ए/बी टेस्ट मागतो!

किंमतही होती. डोक्यात लोखंड राहिल्यामुळे पुढे त्या भागाचा नीट एमआरआय होत नाही, म्हणजे गाठ वाढतेय का हे पाहायची सर्वांत चांगली खिडकीच बंद. उपचाराआधी दातांमधलं धातूचं फिलिंगसुद्धा काढावं लागे.

२०२२मध्ये जॉर्डान यांनी स्थापन केलेली मॅगफोर्स ही कंपनी दिवाळखोरीत गेली. कंपनी बुडाली म्हणून कल्पना खोटी ठरत नाही, आणि मंजुरी मिळाली म्हणून खरीही. त्या ५९ जणांनी डोक्यात लोखंड घेतलं. त्यांच्यानंतर येणाऱ्यांना निदान एक स्पष्ट उत्तर मिळायला हवं होतं. ते अजून बाकी आहे.